मोहर शेकरूने खणलेला खड्डा

एका जंगलात, बाळांनो, आंबे होते, करवंदं होती आणि नेटही होतं. नेट फक्त उंबराच्या आसपास नीट यायचं. म्हणून सगळं जंगल दिवसभर त्या उंबराखाली माना वर करून बसलेलं असायचं. हसू नका. तुम्हीही गच्चीत जाऊन तेच करता.

त्या उंबरावर मोहर नावाचं एक तरुण शेकरू राहायचं. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची, तांबूस, चांगली थोरली खार. मोहरला नाद एकच. ब्राउझरवर चालणारे खेळ बनवायचे आणि सगळ्यांना लिंक पाठवायची. पैसे नकोत, काही उतरवून घ्यायला नको, लिंक दाबली की खेळ सुरू.

यंदा त्याने ‘झेप’ नावाचा खेळ बनवला. त्यात एक छोटं शेकरू पळत सुटतं. वाटेत खड्डा येतो. खड्डा ओलांडला की पलीकडे काटेसावर लागते, लालभडक फुललेली.

जंगलात खरीच एक काटेसावर होती. ती गेल्या वादळात पडली. मोहर तिच्याच फांद्यांवर उड्या मारायला शिकला होता, त्यामुळे ती गेली तेव्हा तो फार रडला. मग त्याने तिचं एकेक फूल, एकेक काटा खेळात काढला. ते झाड कुणीतरी बघावं, एवढंच त्याला हवं होतं. खड्डा आपला मध्ये काहीतरी हवं म्हणून टाकला होता.

आता गंमत ऐका. खेळ बनवणारा आपला खेळ इतक्यांदा खेळून बघतो की त्याला तो सोपाच वाटायला लागतो. त्यातून हा तर शेकरू, जन्मभर झाडावरून झाडावर उड्या मारलेला. त्याला खड्डा अगदीच चिमुकला वाटला. त्याने तो रुंद केला. मग आणखी रुंद केला. मग लिंक पाठवली.

सगळं जंगल खड्ड्यात पडलं.

ससे पडले, भेकरं पडली, अस्वल तर अर्ध्यापर्यंतही पोचलं नाही. मोहरची आई पडली आणि म्हणाली, “छान झालाय हं.” आयांचं असंच असतं.

आता सगळे शिव्या घालणार, असं मोहरला वाटलं. पण पडलं की ‘धप्प’ असा आवाज यायचा. पिकलेला फणस पडताना मोहरने तो टिपून ठेवला होता. जंगलाला तो आवाज भारीच आवडला. माकडं उलटं पडायला शिकली. तरसाने सुबक पडण्याचे वर्ग काढले. पडण्याचा इतका सुंदर खेळ आजवर झाला नाही, असं जो तो लिहू लागला.

“पण काका, खड्ड्याच्या पुढेही खेळ आहे,” मोहर दगडू रानडुकराला म्हणाला.

“असेल की,” दगडूकाका म्हणाले. “आपल्याला काय करायचंय?”

“मी खड्डा थोडा लहान करतो. म्हणजे सगळ्यांना पलीकडे जाता येईल.”

काकांनी मुळं उकरायचं थांबवलं. “हे बघ मोहर, तू हुशार पोरगा आहेस. चांगल्या चाललेल्या खेळाची वाट लावू नकोस.”

संध्याकाळी उंबराखाली मोर्चा आला. ‘खड्डा आमच्या हक्काचा’ अशा पाट्या होत्या. मोहरने खड्ड्याला हात लावला नाही.

तुम्ही म्हणाल, मग झाडाचं चित्र नुसतं दाखवायचं सगळ्यांना. वा रे शहाण्यांनो! उडी मारून पोचायचं म्हणून तर ते तिकडे ठेवलं होतं ना?

आता मोहरची सगळी आशा घोरपड मावशीवर होती. एक तर मावशी कशाला चिकटली की सुटायची नाही. शिवाय त्या काटेसावरीच्या बुंध्यावर ऊन खाण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ती रोज खेळायची, रोज पडायची आणि मोहर रोज तिच्या शेजारी जाऊन बसायचा.

एकदा मावशीचा पंजा जरा जास्त वेळ दाबला गेला. खेळातलं शेकरू उडालं ते थेट पलीकडे. पडद्यावर लाल फुलं उमलायला लागली. मोहरला इतका आनंद झाला की त्याला धड बसवेना.

मावशी डोळे बारीक करून बघत राहिली.

“मोहर,” ती म्हणाली, “बिघडलं रे बाबा काहीतरी.”

“काय बिघडलं, मावशी?”

“धप्प झालंच नाही. आणि ही फुलंबिलं कुठून आली मध्येच?”

“अगं, ही आपली काटेसावर. तू तिथेच बसायचीस ना उन्हाला?”

“हो का? असेल, असेल. पण मला परत खड्ड्यात कसं जायचं ते सांग. मागे रांगेत सगळे खोळंबलेत.”

मोहरला फार वाईट वाटलं. तरी त्याने मागे जायचं बटण दाबून दिलं. मावशी पडली. धप्प.

“हां,” ती म्हणाली, “आता आला ताळ्यावर.”

मग तिने खेळाखाली लिहिलं, ‘मुलगा गुणी आहे. तक्रार केली की लगेच दुरुस्त करतो. पाच तारे.’

तात्पर्य: बाळांनो, झाड काढायचं तर खुशाल जीव ओतून काढा. पण खड्डा खणताना आळस करू नका. तुमचं नाव त्या खड्ड्यामुळेच होणार आहे.