बरण्यांची आवर्त सारणी

केमिस्ट्री शिकवायला कॉलेजच्या पायऱ्या चढाव्या लागतात, असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी तळघराच्या पायऱ्या उतरून शिकवली!

माझी लेक राली केमिस्ट्रीत नापास झाली होती. सप्टेंबरात फेरपरीक्षा, तोंडी, तीन परीक्षकांसमोर. त्यातही आपटली तर मैत्रिणी पुढे आणि ही त्याच वर्गात. पुस्तक उघडलं की पोरीच्या डोळ्यांत पाणी. पण एकदा डोळ्यांनी पाहिलेली वस्तू कुठे होती, ते ती जन्मात विसरत नाही.

आणि सप्टेंबरात आमच्या गाब्रोवो गावातल्या कुठल्याही बाईकडे काय असतं? बरण्या! काकड्या, फ्लॉवर, भाजक्या मिरच्यांची चटणी, म्हणजे आमची ल्यूतेनित्सा. हिवाळ्याची सगळी बेगमी. मी तिचं पुस्तक स्वतः वाचून काढलं आणि तळघरातल्या फळ्यांवर आख्खी आवर्त सारणी मांडली.

"बघ, राली. डावीकडे मोठी बरणी, उजवीकडे जाताना लहान लहान. अणूही तसेच. वरून खाली आलीस की मोठे."

"आणि डावीकडची झाकणं सैल का?"

"ते दानशूर! धक्का लागला की इलेक्ट्रॉन देऊन मोकळे. उजवीकडचे घट्ट. तुझ्या आत्यासारखे, देणं माहीत नाही, ओढून घेणं तेवढं माहीत."

"आणि शेवटचा रकाना?"

"गुलाबपाकळ्यांचा मुरंबा. काठोकाठ भरलेला. कुणाला देणं नाही, कुणाकडून घेणं नाही."

पोरगी हसली! मी तर इतकी फुगले, की मलाच खालच्या फळीवर ठेवावं लागलं असतं.

पण घरात सासूबाई आहेत. झाकणाखालून खारं पाणी ठिबकताना पाहून त्यांनी सगळी झाकणं आवळली. मी सैल केली. त्यांनी आवळली. मी सैल केली.

"सूनबाई, तुझ्या हातात जोरच नाही गं!"

"आई, ते सोडियम आहे."

"असू दे. सांडतंय!"

परीक्षेच्या सकाळी राली शेवटची नजर टाकायला खाली जाऊन आली आणि तशीच शाळेत गेली. मागोमाग मी ल्यूतेनित्सा आणायला उतरले आणि पायरीवरच बसले. मोठ्या बरण्या झाडून सगळ्या उजवीकडे!

"आई! हे काय केलंत?"

"डाव्या भिंतीला ओल आहे. फळी कुजलीये."

"अहो, पण अणू..."

"तुझ्या अणूंना ओल चालत असेल, माझ्या फ्लॉवरला नाही!"

त्या भिंतीला प्लॅस्टर करतो, असं माझा नवरा स्टोइल लग्नापासून सांगतोय. "उद्या!"

मी घरच्या सपातांवरच शाळेकडे धावले. राली दारातून बाहेर येत होती, चेहरा बिटासारखा लाल.

"विचारलं, डावीकडून उजवीकडे अणूच्या आकाराचं काय होतं?"

"मग?"

"म्हटलं, वाढतो."

"अगं देवा!"

"का वाढतो, विचारलं. मला दुसरं काही आठवेचना. म्हटलं, डाव्या भिंतीला ओल आहे. सकाळी तळघरात आजीच म्हणाली होती!"

मी कठडा धरला.

"मग परीक्षकांतल्या वयस्कर बाईंनी शेवटचा रकाना विचारला. म्हटलं, ते काठोकाठ भरलेले, म्हणून देणं नाही, घेणं नाही. खाली येताना आकार वाढतो, तेही बरोबर आलं."

"म्हणजे?"

"पास! अगदी काठावर."

मी तिला मिठी मारणार, तोच म्हणाली, "बाईंचा तुला निरोप आहे. आधी ती भिंत दुरुस्त करून घ्या म्हणाल्या."

निरोप मी शब्द न बदलता स्टोइलच्या कानावर घातला. खुद्द परीक्षकबाईंचा हुकूम, काय चेष्टा आहे! त्यानं टोमॅटोत काटा खुपसला, क्षणभर गंभीर झाला आणि म्हणाला,

"उद्या!"