कुलपावरची धूळ

सोमणकाका लोकांच्या दारावरच्या कुलपांवर फुंकर मारतात. धूळ उडाली की वहीत टिपतात, ‘सहा महिने तरी.’ एकदा फुंकर मारत असतानाच फ्लॅटचा मालक जिना चढून वर आला.

“काय शोधताय?”

“तुम्हाला. पण इथं कोणी राहत नाही, असं कुलूप म्हणतंय.”

त्या मालकाची तक्रार माझ्याकडे आली. कात्रजच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, त्यामुळे काकांविरुद्धच्या सगळ्याच तक्रारी माझ्याकडे येतात.

काका गणिताचे निवृत्त शिक्षक. मी जाब विचारायला गेले, तर त्यांनी मला खुर्ची दिली आणि तास घेतला. “भाड्याच्या घरांपैकी आज मोकळी किती, हा आकडा हवा. तो फार खाली गेला, की मालक म्हणेल ते भाडेकरूनं ऐकायचं. फार वर गेला, की नवे इमले कोणासाठी बांधताय ते विचारायचं. आणि कुलूप घालून ठेवलेली घरं यात धरायची नाहीत. ती भाड्यानं मिळतच नाहीत. त्यांचा रकाना वेगळा.”

“पण हे मोजायचं तुम्ही का?”

“दुसरं कोणी मोजत असेल तर नाव सांगा. मी आजच थांबतो.”

मी तक्रारीचा कागद घडी घालून परत नेला.

मग हा आकडा दप्तरी लागावा म्हणून त्यांनी सरकारी कचेरीत दर मंगळवारी खेपा सुरू केल्या. तिथले कारकून म्हणाले, “असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.”

“मग आखा. पट्टी मी आणलीय,” म्हणून काकांनी पिशवीतून खरंच पट्टी काढली. पाचव्या खेपेला साहेबांनी कटकट मिटावी म्हणून वही ठेवून घेतली. पुढच्या मंगळवारी काका दुसरी वही घेऊन हजर.

साहेब अक्षर लागत नाही म्हणाले, म्हणून ती वही कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. सोसायटीच्या ऑफिसात काका शेजारी बसून चुका काढत होते. आमच्याच इमारतीच्या पानावर मी थांबले. तिसरा मजला, कुलूपबंद, सात वर्षं. मालक : स्वतः.

“सुमाताईंचं घर?”

सुमाताई त्यांची बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही. त्या वारेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, हे दुसऱ्या.

“नोंद खरी हवी,” काका म्हणाले. “पुढचं पान घ्या.”

तेवढ्यात मेश्राम नावाची एक मुलगी आली. चंद्रपूरची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. कुठं घर रिकामं आहे का, विचारत होती.

“एकटी मुलगी, त्यात रात्रपाळी, म्हणून सगळे नाहीच म्हणून राहिले,” ती म्हणाली.

“किती घरं पाहिलीत?” काकांनी सवयीनं पेन उघडलं.

“अकरा.”

काकांनी आकडा लिहिला. त्याखाली रेघ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बारावं तिसऱ्या मजल्यावर आहे. रविवारपर्यंत आवरून देतो.”

त्यांनी सुमाताईंची पेटी, लोणच्याच्या बरण्या, शिवणाचं मशीन एकट्यानं खाली आणलं. मी मदतीला गेले, तर दार अर्धंच उघडून म्हणाले, “सेक्रेटरीबाई, तुमचं टायपिंग राहिलंय.” त्यांचे डोळे लाल होते.

रविवारी मेश्राम सामान घेऊन आली. करार माझ्यासमोर झाला. काकांनी किल्ली दिली, पाण्याच्या वेळा सांगितल्या आणि निघाले. दोन पायऱ्या उतरून थांबले.

“अजून काही अट आहे का, सर?” तिनं विचारलं.

“अट नाही,” काका कठडा धरून म्हणाले. “जाता-येता माझं दार वाजवलंत तरी चालेल. काम नसलं तरी.”