म्हाताऱ्याला काढा, जाड्याला विका

बिबवेवाडीत बसून अमेरिकेतले सदतीस आडदांड पुरुष घरी पाठवायला बुद्धभूषण ओव्हाळला साडेचार मिनिटं लागायची. चहा गरम असला तर चार.

हे सदतीस जण ‘बायसन्स’चे. अमेरिकन फुटबॉलची टीम. पायाने खेळतात ते फुटबॉल नव्हे हो! हेल्मेट घालून, एका लांबट चेंडूपायी समोरच्याच्या अंगावर भरल्या ट्रकसारखं जातात, ते. बुद्धभूषणच्या कंपनीचं गिऱ्हाईक त्या टीमच्याच शहरातलं. विम्याचे दावे तिकडचे, तपासणारे चाळीस जण इकडे, मार्केट यार्डाच्या मागच्या काचेच्या इमारतीत. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी शिकवलं की गोऱ्या साहेबाशी बोलताना त्याच्या टीमचं दोन शब्द बोलावं, बरं दिसतं. बाकीच्यांनी दोन शब्द पाठ केले. बुद्धभूषण मात्र बुडाला, तो बुडालाच.

सामने सप्टेंबर ते जानेवारी. पुढे सगळा भाकड काळ. त्या काळात चाहत्याने करायचं काय? टीम छाटायची! उन्हाळ्यात नव्वद जण घेतात, ऑगस्ट संपता संपता त्रेपन्न ठेवतात, उरलेल्यांच्या हातात नारळ. तो नारळ कोणाला द्यायचा, यावर बुद्धभूषणची मतं अशी जहाल, की त्या खेळाडूंना मराठी येत असतं तर निम्मे स्वतःहून घरी गेले असते.

“आपण कोणाच्या बापाला घाबरत नाही,” तो म्हणायचा. “मत द्यायचं ते तोंडावर!”

ते तोंड साता समुद्रापलीकडे होतं, हे सोडा.

आणि हाच वाघ जून महिन्यात ऑफिसच्या दाराला कार्ड लावताना श्वास रोखून धरायचा. कारण बातमी फुटली होती. चाळीसातले आठ जाणार. यादी अमेरिकेतून येणार. कधी, ते कोणालाच ठाऊक नाही. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. कॅन्टीनमध्ये कोणी दुसऱ्यांदा पोहे घेईना. न जाणो, तेही मोजत असतील! कार्ड लागून हिरवा दिवा पेटला की आजचा दिवस सुटला. घरी बायकोला, आम्रपालीला, चौथा महिना लागलेला. तिला त्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. रात्री ती बाळासाठी नावं सुचवायची आणि हा छताकडे बघत आठ नावं मोजायचा.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला अमेरिकेच्या डगसाहेबाशी कॉल. बुद्धभूषण आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरची चैताली पाच मिनिटं आधी जोडून बसायचे. ती पाच मिनिटं म्हणजे बुद्धभूषणची जाहीर सभा. श्रोते एक.

“करा सुरू, वक्ते,” चैताली म्हणाली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती नखं तपासत ऐकायची.

“पहिलं, म्हाताऱ्याला काढा! गुडघे संपले त्याचे. दोन ऑपरेशनं झाली, तरी जागा सोडत नाही!”

“अरेरे.”

“दुसरं, तो जाड्या. नुसता खातो. समोरचा शेजारून निघून जातो, याला पत्ता नाही. विका त्याला! बदल्यात दोन तरणी पोरं आणा.”

“त्यालाही घर असेल रे.”

“दयामाया नको! तिसरा तो देखणा. काम दुसऱ्याचं, फोटो याचा. आणि चौथा, ज्याची पाठ नेमकी सोमवारी धरते. सगळ्यांना पुढच्या शुक्रवारच्या आत घरी!”

तेवढ्यात डग आला. सभा बरखास्त. पुढचा तासभर हा बेडर माणूस ‘येस डग’ सोडून दुसरं काही बोलला नाही.

आता इथे कंपनीची करामत ऐका. त्याच आठवड्यात कॉलवर एक यंत्र बसवलं होतं. कॉलवर कोण काय बोललं ते ऐकायचं, इंग्रजीत लिहायचं, आणि ठरलेल्या कामांची यादी सगळ्यांना मेल करायची. यंत्राला मराठी येते, हे कोणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं मराठीत बोललेलं सुरक्षित, अशी या चाळीस जणांची ठाम समजूत. मराठी माणसाचं ऐकायला या कंपनीत कोणी नव्हतं, आणि ठेवलं तर हे ठेवलं!

आठ चाळीसला मेल आली. इकडे चाळीस जणांना, तिकडे बारा जणांना. ‘आजच्या बैठकीत ठरलेली कामं’. म्हाताऱ्याला काढणे, गुडघे निकामी. जाड्याला विकणे, बदल्यात दोन तरुण घेणे. देखण्याला आणि सोमवारी पाठ धरणाऱ्याला घरी पाठवणे. दयामाया दाखवू नये. जबाबदारी : बुद्धभूषण ओव्हाळ. मुदत : पुढचा शुक्रवार.

अख्ख्या मेलमध्ये फुटबॉल हा शब्द नव्हता. सभेतही नव्हता, चैतालीला तो सांगायची गरज कधी पडली नव्हती.

बुद्धभूषणने मेल तीनदा वाचली, तिन्ही वेळा जबाबदारी त्याचीच निघाली.

“लगेच मेल टाक,” चैताली म्हणाली. पहिल्यांदाच तिने नखांवरून नजर उचलली. “लिही की खेळाचं बोलत होतो.”

“कामाच्या कॉलवर खेळ? आत्ता? आठ जण काढायचे असताना?”

“मग नको लिहू. माणसं काढत होतो, असंच राहू दे. ते बरं दिसतं.”

सोमवारी तो ऑफिसात शिरला आणि चाळीस जणांचा मजला शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखा गप्प झाला. कोणी दार धरलं. कोणी खुर्ची पुसली. दुपारपर्यंत सात जण पाठीच्या डॉक्टरांची सर्टिफिकेटं घेऊन आले. पाच जणांनी केस काळे करून घेतले. देखणा म्हणजे मीच, अशी भीती चौदा जणांना वाटली. त्यातल्या बारा जणांनी घरचा आरसा बदलायला हवा होता. जो तो त्या यादीत स्वतःला शोधत होता, आणि जो तो सापडत होता!

तीन वाजता रणजित सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रणजित सर म्हणजे साहेब. लोणी काळभोरचे, देहाने भरभक्कम. सहा वर्षांत ‘ए भूषण’ याखेरीज त्यांच्या तोंडून दुसरी हाक आली नव्हती.

“या, बसा बुद्धभूषण,” सर म्हणाले. टेबलावर काकडी होती. नुसती. “मी डाएट सुरू केलंय बरं का.”

“सर, तो जाड्या तुम्ही नाही!”

“मग कोण?”

“तो वेगळा आहे. त्याचं वजन दीडशे किलो. तुमचं कुठे तेवढं?”

सरांच्या हातातली काकडी थांबली. “म्हणजे माझा आकडा बघितलाय तुम्ही. मेडिकलचे कागद वरती गेलेत.”

“नाही हो सर! तो फुटबॉलवाला आहे. अमेरिकेतला.”

“मला शेंडी लावू नका. फुटबॉलबद्दल एवढं पोटतिडकीनं कोण बोलतं?” सरांचा आवाज चिरकला आणि पुण्याची इस्त्री उतरून आतली लोणी बाहेर आली. “मी काय आज आलेला हाय का इथं? अकरा वर्सं झाली! दोन पोरं कोण आणताय माझ्या जागी, तेवढं तरी सांगा!”

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेब आपल्याला घाबरला, याचा आनंद व्हावा म्हणून बुद्धभूषणने मनात बराच शोध घेतला. नव्हता. घाबरलेल्या माणसाला घाबरलेला माणूस बघून कसला आनंद!

संध्याकाळी घरी आम्रपाली दारातच उभी. ऑफिसातल्या कोणाच्या तरी बायकोने फोन करून सगळं तिच्या कानावर घातलं होतं.

“तू माणसं काढतोस?”

“माणसं नाही गं! खेळाडू!”

“गुडघे गेले म्हणून?”

“अगं, टीमच्या भल्यासाठी...”

“भिंतीवर बाबासाहेब आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्याखाली बसून कामगारांच्या याद्या करतोस, आणि वर म्हणतोस खेळाडू. ज्याचं अंग झिजलं तो कामगारच ना?”

बुद्धभूषणकडे अमेरिकेतल्या नव्वद जणांवर मत होतं. या प्रश्नावर त्याने नुसता पंखा वाढवला. मग त्याने तिला ती आठ जणांची गोष्टही सांगून टाकली. बाळाच्या नावांची वही तिने मिटून ठेवली. ते मात्र त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मंगळवारी डगची मेल आली. एकच ओळ. “शुक्रवारी बोलू. मुख्यतः तुझ्याशी.”

“काळजी करू नकोस,” चैताली म्हणाली. “तसा स्वभावाने चांगला आहे. मागे दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तरी कधी चिडचिड नाही.”

बुद्धभूषणने बोटांवर मोजलं. बासष्ट वर्षांचा डग. दोन ऑपरेशनं. जागा सोडत नाही!

“आधी सांगायचंस ना!”

“मला काय माहीत, तू गुडघे मोजतोयस!”

शुक्रवार उजाडला तेव्हा तो निम्मा झाला होता. साडेसातला मीटिंगच्या खोलीत पडद्यावर डग. मागे काचेपलीकडे एकोणचाळीस चेहरे. बोलणं इंग्रजीत झालं. मी आपल्यासाठी मराठीत सांगतो.

“तू मला म्हातारा म्हणालास,” डग म्हणाला.

बुद्धभूषणने हेडफोन उगाच नीट केला.

“खरं आहे ते. सहा वर्षांत तुम्ही सगळे मला फक्त हो म्हणालात. खरं बोलणारा तू पहिला. म्हणून ही आठ नावं तूच सुचवावीस, असं माझ्या मनात आहे.”

आठ नावं! मागच्या काचेवर कोणाचं तरी कपाळ आपटलं. बुद्धभूषणला सरांची काकडी दिसली, ती मिटलेली वही दिसली, आणि घाबरलेला माणूस कधीकधी चुकून शूर होतो तसं झालं.

“डग, ती माणसं नव्हती. म्हणजे होती. पण ती बायसन्स होती! फुटबॉल! म्हातारा तुम्ही नव्हे, तो बारा वर्षं खेळतोय तो.”

डगचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

“थांब. मग तो जाड्या कोण? आपला सहासष्ट नंबर?”

“हो.”

“मला म्हातारा म्हण, चालेल. पण सहासष्टला विकायचं? सहासष्टला?! तुला त्या खेळातलं कळतं तरी काय!”

आणि डग सुटला! सहासष्टने कोणाला कसं अडवलं, कोणत्या सामन्यात, किती थंडीत. बुद्धभूषणलाही राहवेना. त्याचं भय कुठल्या कुठे. तोही मुद्दा सोडेना. पन्नास मिनिटं दोघं भांडले. शेवटी डगने घड्याळ पाहिलं. “छे! यादी राहिली. पुढच्या शुक्रवारी बघू.”

काचेपलीकडे रणजित सर खाली बसले ते दोघांनी धरून उठवले.

पुढचा शुक्रवार आला. बुद्धभूषणने देखण्याचा विषय काढला. डग पेटला, वेळ संपला, यादी राहिली. त्याच्या पुढचा शुक्रवार, सोमवारी पाठ धरणारा. यादी राहिली! आता अख्खा मजला बायसन्स शिकू लागला. रणजित सर सकाळी विचारायचे, “आज कोणाला काढताय?” आणि स्वतःच चार मुद्दे लिहून द्यायचे. आम्रपालीने वही पुन्हा उघडली, पण एक अट घातली : ज्याला नावं ठेवशील, त्याची मनात माफी मागायची. बुद्धभूषण मागायचा. जून गेला, जुलै गेला. तो दर आठवड्याला एका भल्या माणसाचे वाभाडे काढत होता आणि चाळीस घरं आठवडाभर जेवत होती.

पण नव्वद माणसांतही भांडण्याजोगी माणसं किती? ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार आला तेव्हा एकच उरला होता. नऊ नंबर. टीमचा कप्तान, चेंडू फेकणारा, बुद्धभूषणचं दैवत. आपण कोणी देव मानत नाही म्हणणाऱ्या माणसाने सहा वर्षं त्याच्या नावाचा शर्ट स्वतःच्या हाताने धुतला होता. त्याच्याविरुद्ध शब्द काढायचा म्हणजे जीभ कापून देणं! पण डगचंही दैवत तोच असणार. एवढ्यावर तर माणूस तीन आठवडे भांडेल!

“मंगळवारी टीमची काटछाट,” डग खुशीत म्हणाला. “बोल, आज कोण?”

बुद्धभूषणने मागे पाहिलं. काचेवर एकोणचाळीस नाकं चपटी झाली होती. त्याने डोळे मिटले.

“नऊ नंबरला काढा, डग. हात गेला त्याचा. उगाच नावावर टिकलाय.”

डगने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बुद्धभूषण वादळाची वाट बघत खुर्चीचे हात घट्ट धरून बसला.

“भूषण,” डग हळू आवाजात म्हणाला, “दोन वर्षं हे माझ्या मनात आहे. बायकोलाही बोललो नाही. शंभर टक्के बरोबर!”

“नाही, म्हणजे... माझं चुकत असेल, डग! गेल्या वर्षीची त्याची ती शेवटची फेक...”

“आता माघार घेऊ नकोस. खरं तेच बोललास. सहमत आहे मी. विषय संपला!” डगने खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्याच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याचा आनंद होता. “अरे वा, आज तर वेळच वेळ आहे. ती यादी घेऊया.”

पडद्यावर फाईल उघडली. सात चाळीस झाले होते. कॉल साडेआठपर्यंत असतो.