फ्लेक्सवरचे दोन भाऊ

शीतलला ग्रामसभेचा एक ठराव पाहिजे होता, बाकी काही नाही. एआयनं बनवलेला फोटो असो, आवाज असो, व्हिडिओ असो, त्याच्यावर 'हे मशीननं बनवलंय' असं ठळक लिहिलंच पाहिजे, असा कायदा सरकारनं करावा, एवढीच मागणी. अंबडच्या कॉलेजात तिनं सह्या गोळा केल्या, तीर्थपुरीच्या बाजारात पत्रकं वाटली, लोकांनी त्यावर भजी खाल्ली, तरी पोरगी जोरात. आपल्या गावानं ठराव केला की तालुका करणार, तालुक्यानं केला की जिल्हा, आणि जालन्यानं मनावर घेतल्यावर दिल्ली किती दिवस नाही म्हणेल?

अडचण एकच, ग्रामसभेला कोरम भरत नसे. अर्धं गाव तिच्या वडिलांचं, म्हणजे बद्रीनाथचं, आणि अर्धं धाकट्या चुलत्याचं, म्हणजे संपतचं. एक आला की दुसरा घरी. आणि भांडण कशावरून, तर संपतच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बद्रीनाथचं नाव संपतच्या मेव्हण्याच्या खाली छापलं गेलं. तेव्हापासून सख्ख्या भावांचा रामराम बंद.

आता फ्लेक्स लागल्याशिवाय गावात कुठला कार्यक्रम धरतात? आणि फ्लेक्स म्हटलं की फोटो आले, फोटो आले की मान आला. शीतलनं वडीगोद्रीच्या राजानंदला, फ्लेक्स छापणाऱ्याला, दोघांचे वेगवेगळे फोटो पाठवले आणि फोनवर बजावलं, "दोघायला बराबर मान दे. कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई, कुणी आधी न्हाई, कुणी मागून न्हाई. बिलकुल बराबर."

राजानंदनं लई डोकं लावलं. डावीकडं टाकावा तर तो आधी होतो, वर टाकावा तर तो मोठा होतो. शेवटी त्यानं मशीनलाच सांगितलं आणि दोघांना एकाच फोटोत उभं करून टाकलं. संपतचा हात बद्रीनाथच्या खांद्यावर, आणि बद्रीनाथ गुलाबी शर्टात दात दाखवून हसतोय. वर शीर्षक, 'खोट्या फोटोंविरुद्ध एल्गार'.

शीतल संध्याकाळी कॉलेजातून परत आली तर स्टँडवर फ्लेक्स लागलेला आणि गाव खाली जमलेलं. लोक बद्रीनाथला जाऊन म्हणत होते की धाकटा नमला, आणि संपतला जाऊन म्हणत होते की थोरला विरघळला. दोघंही हो म्हणेनात की नाही म्हणेनात. हॉटेलवाल्यानं त्या आनंदात चहा फुकट केला. शीतल घरी पोचते तर दैवशालाकाकू, संपतची बायको, इतक्या वर्षांनी धपाट्यांचा डबा घेऊन ओट्यावर बसलेली. डबा रिकामा कसा धाडायचा, म्हणून शीतलची आई झुंबरबाई त्यात शेंगदाण्याचे लाडू भरत होती, आणि दोघी जावा एकमेकींचं ऐकून न घेता एकदमच बोलत होत्या. फोटोचं खरं सांगायला शीतलला मधे जागाच मिळेना.

ग्रामसभेला मंदिराचा मंडप कमी पडला. दोन्ही भाऊ हजर, दोन्ही अर्धी गावं हजर. मोहिमेतला तिचा जोडीदार अंगद कानाशी लागला. "आत्ता काही बोलू नको. आधी हात वर होऊ दे, मंग सांग काय सांगायचं ते."

म्हणजे खोट्या फोटोवर कोरम भरवायचा आणि खोट्या फोटोविरुद्ध ठराव करायचा. शीतलला ते जमेना. ती उठली, माइक घेतला आणि सरळ सांगून टाकलं की स्टँडवरचा फोटो मशीननं बनवलाय, दोघंही असे कधी उभे राहिले नाहीत, चूक तिची आहे, ज्याला जायचं त्यानं जावं.

अंगदनं डोळे मिटले.

बद्रीनाथ म्हणाला, "मला काय कळत न्हाई का? जन्मात गुलाबी शर्ट घातला न्हाई मी."

"अन् मला तर लांबूनच कळलं," संपत तिकडून म्हणाला. "हा माणूस हसून राह्यला म्हणल्यावर खरा कसा असल?"

"मंग नाना, आला कशाला तुमी?" शीतलनं चुलत्याला विचारलं.

संपतनं टोपी नीट केली. "लाडू आल्ते घरी. लाडू काय मशीननं न्हाई बनवले."

ठराव एकमतानं झाला. सरपंचबाई म्हणाल्या की पहिली अंमलबजावणी आपल्याच फ्लेक्सवर करू. पण आपल्या तोंडावर 'बनवलंय' लिहून घ्यायला दोघंही भाऊ तयार होईनात. मग ठरलं, खराच फोटो काढायचा. अंगदनं मोबाइल काढला. संपतनं हात असा ठेवला जसा तापलेल्या तव्यावर ठेवतात, आणि बद्रीनाथ असा हसला जसा दाढ काढताना माणूस हसतो.

फोटो गावाच्या ग्रुपवर पडला. पुण्याला नोकरीवर असलेल्या गावच्याच भागवतचं पहिलं उत्तर आलं, "किती खोटा दिसून राह्यला. पयला बरा व्हता." त्यावर सगळ्या गावानं अंगठे दिले.

नवा फ्लेक्स लागला तेव्हा शीतलला खाली स्वतःच्या हातानं लिहावं लागलं, 'हा फोटो खरा आहे'. त्यानं तर शंका आणखीच वाढली. आता एसटीतून उतरणारा कुणी नाक मुरडून फ्लेक्सकडं बघायला लागला की दोघं भाऊ हॉटेलातला चहा ठेवून उठतात, फ्लेक्सखाली येतात आणि तसेच उभे राहून दाखवतात. सुरुवातीला जमत नव्हतं. आता बरंच जमतं.