चाळीची साक्ष

माझ्या बायोडेटात एकही खोटं वाक्य नव्हतं. वय बत्तीस, बी.कॉम., दुसरा वर्ग, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबनीस, राहणार कांदिवली, चाळीतली खोली. अंधेरीच्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत मुलाखतीला माझ्या शेजारी बसलेल्या उमेदवाराने गणपतीची वर्गणी गोळा केल्याचं ‘निधी व्यवस्थापन’ म्हणून लिहिलं होतं. मला त्याची कीव आली.

लेखी परीक्षा झाली, गटचर्चा झाली. एका चाचणीत ‘तुम्ही झाड असतात तर कोणतं?’ असं विचारलं होतं. मी ‘शेवगा’ लिहिलं. आरशात दिसतं तेच लिहिलं.

चौथ्या फेरीनंतर एचआरच्या जान्हवी मॅडम म्हणाल्या, “निवड झालीच समजा. फक्त आमचा माणूस तुमच्या पत्त्यावर येऊन माहिती पडताळेल.”

“खुशाल पाठवा,” मी म्हणालो आणि त्याच दिवशी जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. खऱ्याला कसली भीती!

तो माणूस आला तेव्हा घरी कोणी नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, गोड आवाज. नळाजवळ त्याने आमच्या शेजारीण अंजनाबाईंना विचारलं, “प्रज्योत घाडी इथेच राहतात ना? जरा चौकशी करायची होती.”

आमच्या चाळीत मुलाची चौकशी एकाच कारणासाठी होते. आई दोन वर्षं माझ्यासाठी मुली पाहत होती. मुलुंडच्या कल्पिताचा फोटो तर तिने आरशाच्या फटीत खोचून ठेवला होता. त्यामुळे माझी दाढी हल्ली फार वेळ चालायची. आणि मुलीकडचा माणूस आला की सगळ्यांनी मिळून मुलगा उभा करायचा, हा चाळीचा जुना धर्म. सहदेवकाकांचा दहावी नापास मुलगा चाळीनेच इंजिनियर करून बोहल्यावर चढवला होता.

“हंय नावापुरतो रवता,” अंजनाबाई म्हणाल्या. “बोरिवलीक टॉवरात फ्लॅट घेतल्यान हा.”

“वय बत्तीस?”

“कोण म्हणतो?” वरच्या गॅलरीतून सहदेवकाका म्हणाले. “अठ्ठावीस. चष्म्यामुळे पोक्त दिसतो.”

“बी.कॉम. ना?”

“ते आधी. मग एमबीए. लंडनला.”

“आणि ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबनीस?”

“हिशेबनीस कसला? भागीदार आहे. एकोणीस ट्रक.”

मुलगी काय करते, हे पहिल्या भेटीत विचारायचं नाही, असाही एक शिष्टाचार आहे. त्यामुळे पाहुण्याला चहा आणि दोन लाडू देऊन चाळीने समाधानाने निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी जान्हवी मॅडमचा फोन आला. “मिस्टर घाडी, लोक बायोडेटात वाढवून लिहितात. तुम्ही लपवून का लिहिलंत?”

“मी काय लपवलं?”

“फ्लॅट, एमबीए आणि एकोणीस ट्रक. बहुतेक पुन्हा पडताळणी करावी लागेल. तोवर निवड थांबवतोय.”

संध्याकाळी मी सगळ्यांना जिन्यापाशी गोळा केलं.

“मेल्या, तुझ्या भल्यासाठीच बोललंय ना मी?” अंजनाबाई फणकारल्या. “कंपनीचो माणूस अशी इस्त्री करून येता?”

“काकू, हातची नोकरी मी सोडलीय. ही गेली तर वाट लागेल. आता कोणीही येऊन काहीही विचारलं, तरी फक्त खरं सांगायचं.”

“सगळं खरं?” सहदेवकाकांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला उत्साह मला तेव्हाच खटकायला हवा होता.

रविवारी आईला घेऊन मी आरे कॉलनीत मावशीकडे गेलो. परतलो तेव्हा अंजनाबाई दारातच उभ्या.

“इलो होतो माणूस. एक अक्षर खोटा बोलाक नाय.”

“काय सांगितलंत?”

“एकच खोली. फेब्रुवारीत तेहतीस लागतली. घोरता, तां तीन खोल्यांपर्यंत ऐकाक येता.”

“गॅसवर दूध ठेवून विसरतो,” सहदेवकाकांनी भर घातली. “गणपतीतल्या नाटकात संवाद विसरून स्टेजवर रडलास, तेही सांगितलं. आणि सध्या नोकरी नाही, हेसुद्धा.”

मी दोघांच्या पाया पडलो.

सोमवारी जान्हवी मॅडमचा फोन आला. “पुन्हा माणूस पाठवत बसत नाही. लाईट बिल, मार्कशीट आणि जुन्या कंपनीचं पत्र मेल करा. सगळं जुळलं तर एक तारखेला या.”

नोकरी वाचली, या आनंदात मी अर्धा जिना उतरलो आणि थबकलो. माणूस पाठवलाच नाही, तर रविवारी आलं कोण?

परत वर आलो तर आईचा फोन वाजत होता. कल्पिताचे मामा, रामनाथराव. तिने तो स्पीकरवर टाकला.

“वहिनी, एक खोली चालेल हो, आम्हीही चाळीतलेच. वय, घोरणं, नोकरी, कशाबद्दलच तक्रार नाही,” ते म्हणाले. “पण अख्ख्या चाळीत ज्याच्यासाठी खोटं बोलायला एकही माणूस तयार नाही, त्याला मुलगी कशी द्यायची?”