मडमेच्या खुर्चीतला मफलर

"सोमवारी पार्सल जाणार ना? मग माझा मफलर सगळ्यात वर असेल, बघाच तुम्ही!"

वसुमतीनं हे मंडळाच्या भर सभेत ठणकावून सांगितलं आणि त्याच क्षणी तिला घाम फुटला. सन बासष्टचा हिवाळा होता. तिकडे सरहद्दीवर जवान बर्फात उभे होते, आणि इकडे बंगळूरातल्या मराठी बायकांच्या मंडळात हिरवट खाकी लोकरीचे गुंडे वाटले जात होते. अध्यक्षा कस्तुराबाईंनी तिच्या हातात गुंडे ठेवताना एवढंच म्हटलं होतं, "जमेल ना गं? तुझ्या नवऱ्याच्या स्वेटरला अजून एकच बाही आहे म्हणे!"

बायका फिदीफिदी हसल्या. एवढ्यावर कुणीही ठणकावलंच असतं!

आणि मफलरात अवघड ते काय? दोन टाके सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. पाळण्याच्या झोक्यासारखी सोपी वीण. पण वसुमतीचा हात म्हणजे गोगलगायीची धाकटी बहीण! दिवसभर विणलं तरी मफलर मांजराच्याही गळ्याला पुरला नसता.

फ्रेझर टाउनातलं ते भाड्याचं घर तसं गोड होतं. लाल गुळगुळीत जमीन, लाकडी जाळीची खिडकी, आणि खिडकीपाशी घरमालकानं तशीच ठेवलेली एक वेताची खुर्ची. वसुमती तिथंच विणायला बसे आणि उठताना विणकाम तिथल्याच टोपलीत ठेवी.

मंगळवारी सकाळी टोपली उघडली, तर मफलर वाढलेला!

"मीच विणला असेन झोपेच्या तारेत," ती स्वतःशी म्हणाली. दुपारी ती मागच्या दगडावर धुणं आपटत होती. नवरा विद्याधर कारखान्यात, सासूबाई कृष्णाबाई आतल्या खोलीत पडलेल्या. वारा नाही, पान हलत नाही. आणि त्या शांततेत कुणीतरी घुमल्यासारखं गुणगुणलं. शब्द नाहीत, नुसता सूर, विहिरीच्या तळातून यावा तसा. ओल्या हातांनी ती धावत आली. खुर्ची रिकामी. टोपलीतली एक सुई मात्र अजून थरथरत होती. आणि मफलर पुन्हा वाढलेला!

तिनं कुंपणापाशी शेजारच्या कावेरीअक्काला गाठलं. अक्काचं मराठी फोडणीला कानडी घातलेलं.

"अय्यो, तुला ठाऊक नाही? त्या खुर्चीत म्हातारी मडम बसायची की! मागल्या लढाईत सोल्जर लोकांसाठी विणत होती. विणता विणताच गेली. मान अशी स्वल्प कलली, बस्स! हातातलं तसंच अर्धं राहिलं."

"अर्धं?"

"अर्धं. घाबरू नको हं तू!"

आता घाबरू नको म्हटल्यावर कोण घाबरत नाही? त्या दिवसापासून खुर्ची नुसती कुरकुरली तरी वसुमतीच्या हातातलं भांडं निसटे. घरात सांगावं, तर विद्याधर हसणार. सासूबाई हाय खाणार. आणि सोमवार तर जवळ येतोय! शिवाय मनात एक वेगळीच धास्ती. भुताच्या हातचं विणकाम त्या बिचाऱ्या जवानाच्या गळ्यात घालायचं? आधीच पुढ्यात शत्रू, त्यात गळ्यात मडम!

तिनं गुपचूप टोपलीत एक लिंबू ठेवलं. दुसऱ्या दिवशी लिंबाशेजारी अंगाऱ्याची पुडी! त्याच्या दुसऱ्या दिवशी एक भलामोठा लोखंडी नट!

"अगं बाई! भूत उलट उत्तर देतंय!"

आणि मफलर? तो पावसाळ्यातल्या पडवळासारखा वाढतच चालला होता. टोपलीतून उतरून त्याचं टोक जमिनीवर आलं. वसुमती त्या टोकाला ओलांडूनसुद्धा जाईना.

रविवार उजाडला. विद्याधर म्हणाला, "मी जरा सायकलवर चक्कर मारून येतो." सासूबाई म्हणाल्या, "मी जरा पडते." वसुमती म्हणाली, "मी जरा अक्कांकडे जाते." आणि ती गेली ती थेट दाराच्या पडद्यामागे, हातात लाटणं घेऊन.

दुपार टळटळीत होती, तरी जाळीच्या सावल्यांनी खोलीभर कोळिष्टकं विणल्यासारखी दिसत होती. आतल्या दारातून एक पांढरी आकृती आली. डोक्यापासून गुरफटलेली. पावलांचा आवाज नाही. खुर्ची कुरकुरली, सुया वाजल्या, आणि तोच सूर उठला. या वेळी शब्दांसकट:

लोकरीचा गं धागा, जाई डोंगराच्या पार
माझ्या नेणत्या बाळाला, ऊब देई गळाभर

मडमेला ओवी कशी येते, हा विचार वसुमतीच्या मनात येतो न येतो तोच बाहेरच्या दारातून चवड्यांवर दुसरी आकृती आत शिरली. पांढऱ्या आकृतीनं मान वर केली. तिघांच्या तीन किंकाळ्या एकदमच निघाल्या! लाटणं सुटलं ते दुसऱ्या आकृतीच्या नडगीवर.

"मेलो!" विद्याधर ओरडला.

"कोण मेलं?" शालीतून सासूबाई ओरडल्या.

मग काय! नडगीला हळद लागली आणि एकेक गुपित बाहेर आलं. पहाटे वसुमती न्हाणीघरात असताना विद्याधर विणत होता. "तू सभेत बोलून बसलीस. म्हटलं, हात लावावा. वीण सोपी आहे गं, गिअरच्या दात्यांसारखी. पण कारखान्यात कळलं तर माझं जिणं मुश्किल करतील! आणि रोज बघतो तर मफलर मी ठेवला त्याहून लांब. म्हणून तो नट. लोखंडाला भूत भितं म्हणे."

"इंजिनियर ना तुम्ही?"

"म्हणूनच लिंबू नाही ठेवलं!"

सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या. "माझ्या डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना दिसतं. पण विधवेचा हात, बाई. लढाईवरच्या पोराच्या वस्तूला कसा लावू उघड उघड? राहवेना, म्हणून लपून लावला. मग तो आपोआप वाढायला लागला. वाटलं, मलाच शिक्षा. म्हणून अंगारा."

वसुमतीनं त्यांचा हात धरला. "आई, त्या बर्फात हात कुणाचा हे कुणी विचारत नाही. ऊब लागली की झालं."

डोळे पुसून सासूबाई मफलरावरून बोटं फिरवू लागल्या. "हा आवळ टाका तुझा, दातओठ खाऊन घातलेला. हा याचा, यंत्रातून काढल्यासारखा. हा सैल माझा. आणि हा…"

बोटं थांबली.

"हा कुणाचा?"

मधोमध वीतभर वीण होती. ना आवळ, ना सैल. कडा मोत्यांच्या सरीसारखी. विद्याधरनं नकारार्थी मान हलवली. वसुमतीनंही. कावेरीअक्काला तर सुई कुठून धरतात हेही ठाऊक नव्हतं. खुर्ची उगाचच एकदा कुरकुरली. तिघंही एकाच वेळी स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी मफलर खरोखरच सगळ्यात वर होता; एवढा लांब, की खाली कुठं मावेचना!

"जवानासाठी विणलास की पलटणीसाठी?" असं म्हणत कस्तुराबाईंनी तो हातात घेतला. आवळ भागावर नाक मुरडलं, सैल भागावर भुवई चढवली, आणि मधोमध येऊन थबकल्या. "अहाहा! ही वीण कुणाची गं? अशी कडा मी जन्मात पाहिली नाही!"

त्या फिदीफिदी हसणाऱ्या बायकाही माना उंचावून बघू लागल्या. वसुमतीला सगळं आठवलं. मडम, कललेली मान, थरथरणारी सुई.

"माझी!" ती ठणकावून म्हणाली.

"शाब्बास! मग याच विणीचे आणखी पाच. पुढच्या पार्सलला."

घरी येऊन वसुमतीनं खुर्ची पुसली, टोपलीत नव्या सुया आणि गुंडे मांडले. कॉफी की चहा यावर थोडा विचार केला. मडम म्हटल्यावर चहाच. बशीत बिस्किटं ठेवून ती हलकेच पुटपुटली, "बाई, रागावला नसाल तर या. अर्धं राहिलंय तुमचं, हवं तेवढं विणा. मी आत आहे. बघणार नाही."

संध्याकाळी दिवा लावायला ती भीत भीत बाहेर आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई विद्याधरबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. कप रिकामा होता. बिस्किटं संपलेली. चमचा बशीत नीट आडवा ठेवलेला.

आणि विणकाम? एक टाकासुद्धा घातलेला नव्हता!

वसुमतीनं कप उचलला, पदर खोचला आणि खुर्चीत बसली. दोन सुलट, दोन उलट. भूत आहे की नाही हे तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही. चहा मात्र पुन्हा ठेवला नाही!