मेळघाटात सत्तावीस नंदी

मला समारंभ करता येतो. उगाच बढाई मारत नाही. नाशिकला असताना चारशे माणसांचं स्नेहसंमेलन मी एका शिट्टीवर पार पाडलं होतं आणि अध्यक्षांचं भाषणसुद्धा वेळेत संपवलं होतं! तेव्हा बारा मुलांचा वाढदिवस म्हणजे माझ्यासाठी हातचा मळ.

पण हा वाढदिवस साधा नव्हता. जूनमध्ये माझ्या नवऱ्याची, किशोरची, अमरावतीला बदली झाली. तो मूळचा इकडचाच, दर्यापूरचा, त्याला काय! हाल झाले ते अबोलीचे. दुसरीच्या नव्या वर्गात पोरगी दोन महिने एकटीच डबा खात होती. एकदा वेणी घालताना म्हणाली, "आई, माझ्या वाढदिवसाला कुणीच नाही आलं तर?"

मी तिथल्या तिथे ठरवलं, असा वाढदिवस करायचा की पोरं घरी जायचं नाव काढणार नाहीत.

थीम ठरली मेळघाट. हॉलभर हिरव्या कागदाच्या वेली, पंख्याला लटकलेली माकडं, केकवर चॉकलेटचा वाघ. प्रत्येक पाहुण्याला दारातच वाघाचा मुखवटा. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं: पाच वाजता आगमन, पावणेसहाला केक, सातला निरोप. वर्गातल्या बारा मुलांना चिठ्ठ्या गेल्या, त्यात खास सूचना होती: 'येताना आपला आवडता प्राणी सोबत आणावा.' म्हणजे आपलं खेळण्यातलं अस्वल, ससा वगैरे.

तारीख तेवीस ऑगस्ट. आदल्या दिवशी पोळा होता, हे मला माहीत होतं. पुरणपोळ्या मीच लाटल्या होत्या. पण इकडे दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी नंदी सजवून जवळच्या मैदानात जमतात, मग पोळा फुटला, म्हणजे तिथला मेळा मोडला, की ते नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि दारोदार त्यांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो, हे ज्ञान मला आत्ताचं आहे. किशोर म्हणतो, त्यानं तीनदा सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी माकडांना शेपट्या चिकटवत होते.

माझे सासरे, नत्थुजी, पोळ्यासाठी गावाहून आले होते. येताना नातीसाठी लाकडी नंदी घेऊन आले होते. चारच्या सुमारास ते म्हणाले, "साधना, पोरीले जरा नंदी फिरवून आणतो."

"पाचच्या आत आणा, मामाजी," मी मुखवटा कापता कापता म्हणाले. ते हो म्हणाले. किशोरला मी बर्फ आणायला पिटाळलं.

पाचला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात एक मुलगा, हातात दोरी, दोरीला लाकडी बैल. आवडता प्राणी! मला गहिवरून आलं. त्याला मुखवटा घातला, बैल कोपऱ्यात ठेवला. पुन्हा बेल. आणखी तीन बैल. मग पाच. कल्पनाशक्ती जरा कमी आहे या वर्गात, असं वाटलं, पण शिस्त वाखाणण्यासारखी. एक बैल तर एवढा मोठा होता की तो आत ढकलायला चौघं लागले आणि सोफा हलवावा लागला.

साडेपाचला मोजले तर सत्तावीस! बोलावले बारा आणि आले सत्तावीस! माझ्या लेकीला कोण म्हणतं मैत्रिणी नाहीत? उरलेले मुखवटे मी वर्तमानपत्राचे कापले.

पोरं मात्र सारखी दाराकडे बघत होती. एक जण धीर करून म्हणाला, "काकू, आमाले दुसऱ्या घरी जाचं हाय."

"सातच्या आधी कुणी हलायचं नाही," मी शिट्टी गळ्यात अडकवत म्हणाले आणि दाराला कडी घातली. मग त्यांना वाघाच्या चालीनं हॉलभर चालवलं, डरकाळ्या फोडायला लावल्या, नदी म्हणून सतरंजी ओलांडायला लावली. सगळी बिचारी निमूट करत होती.

पावणेसहा वाजले. "अबोली!" मी हाक मारली. मामाजींनी तिला पाचच्या आत आणलंच असणार. सगळीकडे मुखवटेच मुखवटे. पण सकाळी मी अबोलीला पिवळा कुर्ता घातला होता आणि पिवळ्या कुर्त्यातला वाघ खिडकीपाशी अंग चोरून उभा होता. लाजते माझी पोर! त्याला ओढत टेबलाशी नेलं, हातात सुरी दिली, सव्वीस वाघांकडून गाणं म्हणवून घेतलं. केक कापला. मी मुखवट्यावरच पापा घेतला, फोटो काढला आणि लगेच नाशिकला आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, 'किती उंच झाली गं!' पाच मिनिटांत केकचा तुकडाही उरला नाही.

सहाला पुन्हा बेल. आता मी सरावले होते. वर न बघता पहिल्या डोक्याला मुखवटा अडकवला.

"चपला बाहेर, बैल कोपऱ्यात. नाव काय बाळा?"

"अबोली."

मी वर बघितलं. मागे नत्थुजी आणि त्यांच्यामागे दुसरीची बाराच्या बारा मुलं, आपापले नंदी घेऊन.

"उशीर झाला बाई," नत्थुजी म्हणाले. "शाळेच्या मैदानातला पोळा उशिरानं फुटला, त्याबिगर कसं येवाव? तठी पोरीले हे सारे सोबती भेटले."

अबोलीनं मुखवटा वर सरकवला. दोन्ही बाजूंनी दोघींनी तिचे हात धरले होते. दोन महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि लगेच केक आठवला.

मी पिवळ्या कुर्त्याकडे गेले. मुखवटा काढला. आत एक नऊ वर्षांचा मुलगा होता, धर्मपाल नावाचा. तोंडाला चॉकलेट.

"माहा वाढदिवस तं दिवाळीले असते, काकू," तो म्हणाला. "तुमीच वढत नेलं मले."

तेवढ्यात किशोर बर्फ घेऊन आला. त्यानं चाळीस नंदी पाहिले, दाराकडे डोळे लावलेली पोरं पाहिली, माझी शिट्टी पाहिली. थेट स्वयंपाकघरात गेला आणि कालच्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आला. अबोलीनं मेणबत्ती लावून पुरणपोळी कापली. सत्तावीस जणांना मी हात जोडून बोजारा दिला आणि दार सताड उघडं ठेवलं. पण आता एकही पोरगं घरी जायला तयार होईना. साडेआठला नत्थुजींनी सगळ्यांना हाकललं.

अबोलीच्या डब्यात आता चौघी जेवतात. धर्मपालला दिवाळीचं वचन दिलंय, थीम त्यानंच ठरवायची.

आईनं तो फोटो मोठा करून नाशिकच्या घरात भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते. काय करणार, मी अजून तिला काही बोललेले नाही.